चौऱ्याहत्तर रकाने

चित्र येत नाही.
तेवढी रुंद वाट त्या बेटापर्यंत अजून कुणी घातलेली नाही.
येतात ती अक्षरं, तीही मुंग्यांसारखी, एकामागे एक,
आणि पुएर्तो मोंतच्या या कचेरीत रात्रपाळीला
काळ्या पडद्यासमोर, थर्मासचं झाकण हातात धरून
मी त्यांची वाट बघतो.

पलीकडे ओर्तेन्सिया चिग्वाय.
मी तिला कधी पाहिलेलं नाही.
चिलोएच्या आतल्या अंगाला, खांबांवर उभ्या घरांच्या रांगेत
शेवटचं घर तिचं, एवढंच माहीत.
प्रोग्राम तिने स्वतः लिहिलाय, अकरा ओळींचा:
पाणी मोजायचं, दर दहा सेंटिमीटरला एक हॅश,
तासाला एक ओळ.

२२:०० ###########
२३:०० ################
००:०० ###########################

रंग नाही, अक्ष नाही, वर शीर्षकसुद्धा नाही.
पण मान उजव्या खांद्यावर टाकली
की आडवे पडलेले सगळे उठून उभे राहतात,
आणि मला वाटतं, तिची गल्ली अशीच दिसत असणार.

जूनमध्ये, अमावास्येला, उत्तरेचा वारा सुटला त्या रात्री
एकची ओळ आलीच नाही.
मग हाताने टाइप केलेलं:
सेन्सर गेला. काठी घेऊन खाली उतरते.
इलारिओ, झोपू नका.

काठी तिच्या वडिलांची, एउलोखिओची.
चाकूने खाचा पाडलेली, माशाच्या तेलाने काळी झालेली,
दर मुठीला एक खाच.
दहाच सेंटिमीटर का, हे मी तिला सात वर्षांत विचारलं नव्हतं.

दोन वाजता हॅश एकेक करून उमटले.
यंत्र टाकतं तसे नाहीत.
तीन भरभर, मग थांबणं
(कंदील वर धरला असेल, लाट ओसरू दिली असेल),
मग पुन्हा दोन.
एक जास्त पडला. तिने तो खोडला.
एवढ्या वादळात, एक हॅश.

चारची ओळ.
पडदा ऐंशी रकान्यांचा, सहा वेळ सांगण्यात जातात,
उरतात चौऱ्याहत्तर.
इतकी वर्षं पुरले होते.
चौऱ्याहत्तरावा कडेला टेकला
आणि तिचं बोट काही थांबलं नाही.
पुढचे दोन खालच्या ओळीत पडले, डावीकडे, वेळेवाचून:

##

नवख्याने वाचलं असतं,
ओहोटी लागली, पाणी वीतभर उरलंय.
मी फोन उचलला.
बंदरावर, चर्चमध्ये, शाळेच्या राखणदाराला,
ज्याचा ज्याचा नंबर काचेखाली चिकटवलेला होता त्याला.
झोपेतल्या माणसांना काय सांगणार?
दोन हॅश खाली पडलेत, असं सांगता येत नाही.
म्हटलं, वर चढा. बटाटे राहू द्या. वर चढा.

माणसं वाचली. होड्या अकरा गेल्या,
एक जिना,
आणि तिच्या स्वयंपाकघराची जमीन.

आठवड्याने नवा सेन्सर बसला.
तिने एक आकडा बदलला:
आता वीस सेंटिमीटरला एक हॅश.
सगळं मावतं. अर्धा पडदा रिकामा राहतो.
जुन्या रात्री तिने पुन्हा काढून पाठवल्या,
त्यात ती रात्र अडतीसच.
रविवारच्या साध्या भरतीपेक्षा जराशी लांब.
मला सवय होत नाही.

तिला तसं कळवलं.
बराच वेळ नुसता कर्सर लुकलुकत होता.
मग अक्षरं आली:
बाबांनी वरून दुसरं लाकूड बांधून काठीच वाढवली होती.
माझ्याकडे काच वाढत नाही.

बाहेर उजाडतंय, ट्रकवाले दारं आपटतायत.
मी पडद्यावर मूठ टेकवून बघतो.
तिच्या आताच्या हिशेबाने
अर्धा हॅश.