काहून

धंतोलीतलं तपासणी-केंद्र. मे महिना.
कूलर कोरडाच घरघरतोय.
प्रश्न चौथा: पोपची सत्ता का ओसरली? गुण आठ.
गठ्ठाभर पोरांनी गाइडातली पाच कारणं उतरवलीत,
छापखान्याच्या चुकीसकट.

एका पेपरात एवढंच:
“लोकायनं पुस्तक सोताच वाचलं, सर,
अन् इचारलं, काहून?
पापाची माफी इकत भेटते,
त देव दुकानात बसते काय?”

मुख्य परीक्षक खापेकर सर चष्म्यावरून म्हणाले,
भाषा अशुद्ध आहे. दोन द्या.
पासापुरती ग्रेस मी लावतो.

ग्रेस.
माझ्या लाल पेनाला
एकदम वितळत्या मेणाचा वास आला.

सात दिले.
एक कापला,
खापेकर सर बघत होते.