मूठभर

करावे गावात, तिसऱ्या मजल्यावर,
भरदुपारी खलबत्ता वाजतो
आणि खालून तांडेलांची सून ओरडते,
काय कुटतेस गं एवढं?

बँकॉकचा ठेचा, मी म्हणते.

अकरा वर्षं जहाजावर होतात तुम्ही.
प्रासित नावाच्या भंडाऱ्यानं सांगितलेली कृती
इंजिनरूमच्या वहीच्या पानावर, तुमच्या अक्षरात,
अजून तेलकट:
सुक्या मिरच्या वीस, लसूण, कांदे भाजून,
जवळा, चिंचेचा कोळ,
ताडाचा गूळ मूठभर.

मूठभरावर मी पेन्सिलीनं काट मारली.
रिपोर्टात आठ पॉइंट चार आलं त्या दिवशी.

जवळा दिवाळ्याचा. वासानं मांजर उंबऱ्यात.
मिरच्या तुर्भ्याहून, तिथं पाव किलोच्या खाली
कुणी बोलतच नाही.
बारके कांदे सालासकट तव्यावर टाकले
आणि विसरले, मुद्दाम.
वरून कोळसा झाले.
सोलले तर आत मऊ, चिकट, बोट सोडेनात.

तांदळाची बंद झाल्यापासून ज्वारीची भाकरी,
तिला लावून चाखलात.
डोळ्यांना धार, नाकाला धार.
"गूळ घातलास."
"नाही."
"खोटं बोलतेस."
आणि आणखी बोटभर घेतलात.

उरलेली बरणी मी वरच्या फळीवर ठेवलीय,
गुळाच्या डब्याच्या जागी.
रात्री दिवा न लावता
तुमचा हात कुठं जातो
ते मला ठाऊक आहे.