सातवी स्लाइड

पिंपळनेरच्या आमच्या चर्चमध्ये
प्रोजेक्टर उभा आहे चार गीतपुस्तकांवर.
उंची यावी म्हणून मीच रचली ती,
वाळवी लागलेलं सगळ्यात खाली.
भिंतीला चुना, चुन्यावर पडदा,
पडद्यावर मी टाइप केलेली गाणी.
शनिवारी रात्री, भाकरी उरकल्यावर,
नखांत बाजरीचं पीठ तसंच.

‘पा’ लिहिलं की फोन आपणहून पुढे करतो
पाय, पान, पाणी.
पाप त्याच्या यादीत बरंच खाली आहे.
मला झोप येत होती.

रविवारी सव्वादहाला
दीडशे माणसं मान वर करून गायली:
धू माझे पाय, प्रभू,
आण मला अंगणी तुझ्या.
कुणी अडखळलं नाही.
ढोलकीवर सिलास, तो तर डोळे मिटून.
माझ्या ध्यानात आलं तेव्हा
आठवी स्लाइड लागलेली होती.

संध्याकाळी हेडफोन लावून बसले.
पंख्याची घरघर काढली,
पाळकांचा खोकला काढला,
बागुलांच्या बाळाचं रडणं थोडं ठेवलं.
आणि तिसऱ्या ओळीत, दोन नंबरच्या माइकजवळ,
सगळ्यांच्या अर्धी मात्रा मागून
एक जाड, खरखरीत आवाज:
पाप.

तबीथाबाई भोये.
एका डोळ्यात मोतीबिंदू,
दुसऱ्याला अक्षरओळख नाही.
पडदा म्हणजे तिला नुसता उजेड.
हे गाणं तिने सासूकडून घेतलं,
भुईमूग उपटताना, ओळीमागे ओळ.
दीडशे पायांत तिचं एकटं पाप.
ईको समजून पुसता आलं असतं.
मी तिथेच सहा वेळा मागे गेले,
सहा वेळा ऐकलं,
मग होतं तसं ग्रुपवर टाकून दिलं.

ग्रुपवरचं गाणं बारडोलीकडे जातं,
ऊसतोडीच्या पडावांवर, जिथे रविवार नसतो.
रात्री दहाला ओबेदमामाचा निरोप आला,
एकोणीस सेकंदांचा, मागे ट्रॅक्टर चालू:
‘केतुरा माय, ते पाय धोवानं गानं
आखो एकदाव धाड.
मना पाय पाचटघाई पार फाटी गयात.
बादलीमा पाय टाकीसन ऐकस मी.’

पाळकांना सांगितलं. नहूम चौरे सहसा हसत नाहीत.
चष्मा पुसत म्हणाले,
‘पेत्रही आधी नकोच म्हणाला होता.’
आणि थोड्या वेळाने,
‘स्लाइड मात्र दुरुस्त कर.’

केली. फोनशी भांडून
यादीच्या तळातून ते पाप वर आणलं.
पुढच्या रविवारी सगळे बरोबर गायले,
फक्त शाळकरी पोरांची रांग सोडून;
त्यांना पाय पाठ झाले होते.
मामाला मात्र जुनंच पाठवलं, चुकीचं,
नाव बदलून: गाणे_दुसरे_नीट.
नीट का लिहिलं, मला सांगता येणार नाही.

उपासना संपल्यावर मी वायरी गुंडाळत होते.
दोन नंबरच्या माइकची वायर
तबीथाबाईच्या सतरंजीखालून गेलेली.
ती अजून बसलेली, पाय लांब करून,
टाचांना भेगा, भेगांत लाल माती.
‘आज आवाज चांगला लागला गं,’ म्हणाली,
‘पडद्यावर काय होतं?’
‘गाणंच होतं, आजी.’
मी गुडघ्यांवर बसले.
‘जरा पाय.’
तिने एक उचलला,
मग दुसरा.