आस

ऐरोलीच्या जेटीवर माझं टेबल.
त्याचा एक पाय आखूड,
खाली कालवाची शिंपली सरकवलेली.
टेबलावर पावतीपुस्तकं दोन :
हिरवं हौशी लोकांचं,
पिवळं पोटापाण्याचं.

हौशी : माणशी गळ दोन, मासे पाच,
उजाडल्यापासून मावळेपर्यंत,
लाल खांबांपलीकडे नाही, तिथे पक्षी चरतात.
पोटापाण्याचं : होडीचा नंबर, दाखला,
जून-जुलै बंद,
आणि जाळ्याची आस चाळीस मिलिमीटर, चौकोनी.
आम्ही घरात डोळा म्हणतो.
सरकारी मराठीत त्याला आस म्हणतात
हे मला परीक्षेच्या आदल्या रात्री कळलं.

शनिवारी टॉवरांतून माणसं उतरतात.
एकाची काठी कार्बनची, मनगटाएवढी हलकी,
कणकेच्या गोळ्यांचा डबा, त्यावर बायकोचं अक्षर.
म्हणाला, मी खात नाही मॅडम,
पकडतो, फोटो काढतो, सोडतो.
मी हिरवी पावती फाडली.
सोडलेला मासा कुठल्या रकान्यात मोजायचा
ते नियमात नाही.
मीही वर कधी विचारलं नाही.

ओहोटी लागताना जोमा वैती आला,
दिव्याच्या कोळीवाड्यातला, माझ्या आईचा चुलतमामा.
'चंपावती' बांधली, जाळं खांद्यावरून उतरवलं
आणि स्वतःच पसरून धरलं,
दवाखान्यात माणूस आपणहून जीभ काढतो तसं.
मी स्टीलची पट्टी घातली.
अडतीस.
बाजूचा डोळा, अडतीस.
गाठीपाशी सदतीस.

"नवीन होता तवा चालीसच होता, पोरी.
खारा पानी प्यालाय, आकसला."

मग त्यानं अंगठा घातला डोळ्यातून,
सहज गेला, सहज आला.
ही त्याच्या आज्याची पट्टी :
अंगठा निसटला की पिल्लू निसटतं.
गाबोळीचं बोईट हाताला कळतं, ते वेगळं सोडायचं.
मी अंगठ्याकडे बघत राहिले.
सत्तर वर्षं मिठात,
पेरावरची कातडी सुकटीसारखी,
नख आत वळलेलं.
जाळं आणि अंगठा
एकमेकांच्या मापानं आकसत आले होते इतकी वर्षं
आणि त्यांना काही कळलं नव्हतं.
स्टील तेवढं होतं तसं राहिलं.

मी अडतीस लिहिलं. गाठीपाशी सदतीस, तेही.
जाळं गोळा करून टेबलाखाली ठेवलं, सुतळीला शिक्का.
तो म्हणाला, "जाला?"
आमच्या तोंडी जाळं आणि झालं
एकच.
कुठलं विचारतोय कळेना,
म्हणून मी हो म्हटलं.

रिकाम्या होडीनं तो तसाच गेला, पानी बघून येतो म्हणत.
कार्बनवाल्याची गाडी तोवर पुलावर चढली होती.

तासाभरानं परत आला.
माझ्या टेबलावर, दोन पुस्तकांच्या मधोमध,
बोईटं मांडली ओळीनं.
पाच. मोजून.
वरचा ओठ फाटलेला प्रत्येकाचा,
पोट वर करून तरंगत होती, म्हणाला,
लाल खांबाच्या अलीकडे, नियमानं.
हातानं उचलली, जाळं नव्हतंच.

"ह्यांना कंच्या पुस्तकान लिवशील?"

रागानं नाही विचारलं.
खरंच माहिती हवी असल्यासारखं विचारलं,
त्यामुळेच मला मान वर करता येईना.
हिरव्याची कडा भिजत होती.
पिवळ्यावर एक खवला चिकटला,
तो मी नखानं काढत बसले.

चौथ्याचा कल्ला हलला.
आधी त्यानं बघितलं, मग मी.
तोच अंगठा गालफडाखाली घालून त्यानं ते उचललं,
जेटीच्या शेवटच्या पायरीवर उकिडवा बसला
आणि पाण्यात ठेवलं,
टाकलं नाही, ठेवलं,
हात खाली तसाच धरून
किती वेळ.

भरतीला अजून अवकाश होता.
टेबल हललं,
मी पायानं शिंपली पुन्हा आत सरकवली.