खोबऱ्याचा काटा

दवाखान्याचा काटा दीडशेलाच थकतो,
म्हणून सेमिसीला नेइआफूच्या धक्क्यावर नेलं,
खोबऱ्याची पोती तोलतात तिथं.
तो हसत चढला. हमालही हसले.

उंचीच्या वर्गानं वजनाला भागलं:
पंचेचाळीस.

मागच्या वादळात
याच खांद्यांनी रात्रभर
चर्चचं छप्पर धरून ठेवलेलं.
मांस किती, मेद किती,
भागाकार विचारत नाही.

"लुसेआने, माझा बापही एवढाच होता गं."
"किती जगला?"

सेमिसी बोटींकडे बघत राहिला.
मग बाकावर टेकून
चप्पल काढली, अंगठा दाखवला.
तीन महिने जखम भरत नव्हती.

तिच्यावर माशी बसली.
हाकलली मी.
त्याला कळलंच नव्हतं.