तुम्ही कुणाकडचे?

अर्नेस्टीनच्या वहीत रकाने होते.
दवाखाना किती मैल. घरपट्टी. पायऱ्या किती –
माझ्या गुडघ्यांनी एकतीस वर्षं
डेट्रॉइटच्या कारखान्यात रात्रपाळी केली,
त्यांना आता पायऱ्या नकोत.
शेवटचा रकाना: माणसं कशी. दहापैकी.
"हे कसं मोजणार?" मी म्हटलं.
"बघू," ती म्हणाली, आणि पेन्सिलीला टोक केलं.

पहिल्या गावात तळं होतं. तळ्याभोवती
सगळी आमच्याच वयाची माणसं
एकाच रंगाच्या टोप्या घालून झपाझप चालत होती,
मागून कुणी वसुलीला येतंय तशी.
चार, तिने लिहिलं.
दुसऱ्या गावात घर दाखवणारी बाई
आम्हाला बघून इतकी हसली, इतकी हसली,
की संध्याकाळी तिचे गाल दुखले असणार.
अर्नेस्टीनने वही उघडलीच नाही.

मग टॉलिव्हर, अलाबामा.
एक सिग्नल, तोही नुसता पिवळा लुकलुकणारा.
पिकअप चालवणारा जो तो
स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो,
बस, एकच बोट, माशी उडवावी तसं.
नऊ मैलांत मी चौदा बोटं मोजली.
"यांना वाटतंय आपण दुसरे कुणी आहोत," मी म्हटलं.
हार्डवेअरच्या दुकानात पर्विस नावाच्या गोऱ्या म्हाताऱ्याने
एका स्क्रूचे पैसे घेतले नाहीत.
तरी मी ते काउंटरवर ठेवून आलो.
दक्षिणेत कुणाचं देणं ठेवू नकोस,
वडील सांगायचे, मिशिगनमध्ये बसून.

रविवारी चर्चमागच्या हॉलमध्ये जेवण:
तळलेली भेंडी, मक्याचा पाव,
गार चहा, ज्यात चहापेक्षा साखर जास्त.
मिस लुव्हेनिया, वय एक्क्याण्णव,
चाकाच्या खुर्चीतून सरळ विचारते,
"तुम्ही कुणाकडचे?"
"डेट्रॉइटचे," मी म्हटलं.
"गाव नाही विचारलं."

अर्नेस्टीनने काटा खाली ठेवला.
"ओडेसा प्रुइटची मुलगी," ती म्हणाली.

अडतीस वर्षांचा संसार आमचा.
सासूबाई अलाबामाच्या, एवढंच मला ठाऊक.
गावाचं नाव त्या घरात
कधी कुणी घेतलं नव्हतं.
म्हणजे तो तलाव, ती हसरी बाई,
ते सगळे रकाने –
मी तिच्याकडे बघितलं. ती भेंडीकडे बघत होती.

छताचा पंखा कुरकुरत राहिला.
"ओडेसा," म्हातारी शेवटी म्हणाली,
"माझ्या बहिणीचे बूट घालून पळाली."

अख्खा हॉल हसला. कुणीतरी टेबल बडवलं.
"सेहेचाळीस साल. रात्रीची गाडी.
तपकिरी बूट, डाव्या टाचेत खिळा वर आलेला.
बहीण हिवाळाभर माझे घालून फिरली
आणि मी घरात."
का पळाली, ते कुणी विचारलं नाही.
एका म्हाताऱ्याने जिनिंगवाल्याचं नाव
अर्धं घेतलं,
आणि उरलेल्या अर्ध्याच्या जागी मीठ मागितलं.

आमच्या कपाटावर एक खोकं होतं.
मी दोनदा ते कचऱ्यात टाकायला काढलं.
दोन्ही वेळा, एक अक्षर न बोलता,
अर्नेस्टीनने ते परत वर ठेवलं.

आता टॉलिव्हरात आमचं घर आहे.
दवाखाना बत्तीस मैल, पायऱ्या पाच.
शेवटच्या रकान्यात आकडा नाही,
"बूट" असं लिहिलंय, खाली रेघ.
मिस लुव्हेनियाने खोकं मांडीवर घेतलं,
खिळ्यावरून अंगठा फिरवला, बराच वेळ.
"आता हे कुणाला बसणार?" ती म्हणाली,
पण परत दिलं नाही.

संध्याकाळी मी ओसरीत बसतो,
खुर्ची अशी की रस्त्याची दोन्ही टोकं दिसावीत.
पर्विसची गाडी जाते. बोट वर होतं.
जिनिंग कुणाचं होतं, ते मी अजून
त्याला विचारलेलं नाही.
माझंही बोट उठतं, नाही असं नाही,
पण तोवर गाडी
वळणापलीकडे गेलेली असते.