चार बोटं काठ

दोनशे चाळीस प्रश्न होते आधी.
पंचेचाळीस मिनिटं लागायची,
आणि मे महिन्यात, गोळीबार चौकात,
पंचेचाळीस मिनिटं कोणी कोणाला देत नाही.
शंभराच्या पुढे माणसं
उजवीकडचा एकच गोल भरत सुटायची,
खाली, खाली, शिडी उतरल्यासारखी.

म्हणून कापाकापी.
दोनशे चाळीसचे साठ, साठाचे दहा.
कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांवर मगाने पाणी ओतून
मी आणि खानझोडे मॅडम
रात्री आठपर्यंत प्रश्न गाळत बसायचो.
हा त्याच्यासारखाच, काढ.
ह्याचा कोणाशीच मेळ नाही, काढ.
‘परक्या घरी मला झोप लागत नाही.’
सहसंबंध पॉइंट वन टू.
काढ.

काढला. पण त्याच प्रश्नाला
लोक पेन खाली ठेवायचे.
पाचपावलीच्या एक बाई तिथे थांबून
लग्नानंतरची अकरा वर्षं सांगून गेल्या
आणि मग गोल भरला: तटस्थ.

लीलाधर निनावे, वय एकाहत्तर, विणकर.
माग विकला; मागाचा खड्डा आहे,
त्यात कांदे ठेवतात.
“दहाच? मांगच्या साली एक पोट्टी आलती,
गंज विचारे.”
ती मीच. सांगितलं नाही.

मी लोकांवर पटकन भरवसा टाकतो.
“टाकतोच न बाप्पा.”
लोकांची खोट मला लगेच दिसते.
“थेही दिसते.”
काका, दोन्ही कसं?
“भरवसा टाकल्यावरच त दिसते.”
एक गुण, दोन विधानांवर उभा,
आणि त्यातला एक पाय आखूड.

दोन मिनिटं दहा सेकंद.
त्यांनी कागद उलटून पाहिला.
मागे कोरं होतं.

दहा प्रश्नांत माणूस समजतो काय, काका?
नाही म्हणतील, असं वाटलं. तेच ऐकायचं होतं.
ते उठले. ट्रंकेतून एक लुगडं काढलं,
घडी न मोडता काठ माझ्या हाताशी धरला.
“अख्खं लुगडं कोन उकलते इतवारीत?
दलाल चार बोटं काठ पाहे
अन् भाव सांगे. चुके नाही सहसा.”
मग?
“मंग काय. कोनती चार बोटं, थे समजाले
त्याले तीस साल लागले.”
घडी पुन्हा ट्रंकेत.
“अन् आमी बी,” हसले,
“थेच चार बोटं मन लावून विनो.”

वहीत हे कुठल्या रकान्यात लिहायचं
सुचलं नाही. तारीख टाकली.

नंदनवनातली भाड्याची खोली,
यवतमाळहून आले त्याला सातवं वर्ष.
दीड वाजता पंखा मोजत पडले होते.
परकं घर म्हणजे किती वर्षांपर्यंतचं,
हे त्या विधानात लिहिलंच नव्हतं.
मॅडमचं बरोबर होतं.
प्रश्न कच्चा होता.